गार पाण्यातले मासे

दत्तप्रसाद सामंत एअर कंडिशनिंगचा इंजिनियर होता. दुबईत आल्यावर पाच-सहा वर्षं त्याने मॉल आणि ऑफिसं गार केली. २००७ साली एका बिल्डर कंपनीने त्याला चक्क एक तळं गार करायला नोकरीवर घेतलं.

तळं रास अल खैमाच्या डोंगरात, हजारेक मीटर उंचीवर होतं. कंपनीला तिथे व्हिलांची वसाहत बांधायची होती आणि तिचं मुख्य आकर्षण हे तळं असणार होतं. गाडीरस्ता संपला की तासभर चढायचं. वर पोचलं की उघड्याबोडक्या कड्यांच्या मधोमध निळं पाणी, आणि पाण्यात विमानाने आणून सोडलेले ट्राउट मासे. गळ टाकायचा, मासा धरायचा, फोटो काढायचा, मासा परत सोडायचा. ट्राउट हा थंड मुलखातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की कासावीस होतो, पंचविसाच्या पुढे जगत नाही. म्हणून टेकाडामागे डिझेलवर चालणारे दोन मोठे चिलर बसवले होते आणि ते चालवणं दत्तप्रसादकडे होतं. पाहुण्यांना ते दिसत नसत. घरघर ऐकू आलीच तर जनरेटर आहे म्हणून सांगायचं. पाण्याबद्दल सांगायचं वाक्यही ठरलेलं होतं: हे पाणी डोंगराच्या पोटातून येतं, बारा महिने गार असतं.

दत्तप्रसाद तेव्हा बायको छाया आणि दीड वर्षाच्या ईशानीसह दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहायचा. त्याच इमारतीत दोन मजले खाली सुजीत टिपणीस राहायचा. सुजीत आयटीत होता. त्याचे वडील वसंतराव पुण्याच्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले. बोलता बोलता त्यांना दत्तप्रसादची नोकरी कळली आणि ते लिफ्टमध्येच थबकले.

"ट्राउट? इथे? अरे, मी दोन वर्षं कुलूला होतो. तिथल्या पोस्टमास्तरांनी मला ट्राउट धरायला शिकवलं. रविवार उजाडला की आम्ही दोघं डोंगरात. मला ने ना एकदा!"

एकदा नेलं आणि मग दर शुक्रवारी नेण्याचा परिपाठच पडला. शुक्रवार म्हणजे पाहुण्यांचा दिवस, त्यामुळे दत्तप्रसादला जावंच लागे. पहाटे तो गाडी काढायचा. पुढच्या सीटवर वसंतराव, मागे त्यांची सहा वर्षांची नात ईश्वरी. चढताना वसंतराव तिला मधूनमधून दगडावर बसवायचे, पाणी पाजायचे, आणि वाटेतल्या बकऱ्यांना मराठीत दटावायचे. वर पोचले की गळ जोडून तासन् तास पाण्याकडे बघत उभे राहायचे. मनगटाला कसा हलका झटका द्यायचा, माशी पाण्यावर पडल्यासारखा गळ कसा टेकवायचा, हे त्यांनी दत्तप्रसादलाही शिकवलं. पहिला मासा लागला तेव्हा दत्तप्रसाद लहान पोरासारखा ओरडला होता.

पहिल्याच दिवशी वसंतरावांनी विचारलं होतं, "उन्हाळ्यात काय करता? तापत नाही पाणी?"

मागे चार पाहुणे उभे होते. दत्तप्रसादने ठरलेलं वाक्य म्हटलं.

"डोंगराचं पाणी आहे, काका. वर्षभर गारच."

नंतर खरं सांगता आलं असतं. गाडीत दोन-दोन तास पाहुणे कोणीच नसायचे. पण ऑगस्टमध्ये, खाली पंचेचाळीस अंश असताना, वसंतरावांनी तळ्यात हात घातला आणि ते इतके हरखले की दत्तप्रसादला ते बोलवेना. "निसर्गाची कमाल आहे रे," ते म्हणाले. "पुण्याला कळवलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही."

तळ्यापाशी एक पाटी होती: माशांना खाऊ घालू नये. ईश्वरी मात्र डब्यातल्या पोळीचे बारीक तुकडे करून पाण्यात टाकायची आणि मासे वर आले की टाळ्या वाजवायची. वसंतरावांनी पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "चालेल ना रे?"

"थोडंसं चालतं, काका. काही होत नाही."

२००८ च्या शेवटी कंपनीचे फोन वाजायचे थांबले. आधी सेल्सची माणसं गेली, मग व्हिलांचं काम थांबलं, क्रेन नुसत्याच उभ्या राहिल्या. हिवाळा असल्यामुळे तळ्याला काही झालं नाही, डोंगरातल्या थंडीनेच पाणी गार राहिलं. मार्चच्या मध्यावर डायरेक्टरने दत्तप्रसादला ऑफिसात बोलावलं.

"डिझेल बंद. चिलर बंद. आजपासून."

"सर, मासे—"

"हबीबी, तीनशे माणसं मी घरी पाठवली. तू माशांचं काय सांगतोस? खलास. आणि हे बाहेर बोलायचं नाही. ज्यांनी व्हिला बुक केल्यात, त्यांना तळं चालू आहे असंच वाटलं पाहिजे."

दत्तप्रसादने त्याच दुपारी वर जाऊन दोन्ही चिलर बंद केले. यंत्रांचा आवाज थांबल्यावर डोंगरात इतकी शांतता पसरली की तिथे उभं राहवेना.

पुढचे तीन शुक्रवार त्याने वसंतरावांना टाळलं. एकदा ईशानीला ताप आहे म्हणाला, एकदा गाडी बिघडली म्हणाला, एकदा फोनच उचलला नाही. रोज सकाळी तो चिलरचं डिझेल न्यायला केलेल्या मागच्या कच्च्या रस्त्याने गाडी वर न्यायचा आणि पाण्यात थर्मामीटर सोडायचा. अठरा. वीस. बावीस. मासे पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी गर्दी करून तोंड उघडत होते. एकदा त्याने पेट्रोल पंपावरून गाडीभर बर्फाच्या पिशव्या आणल्या आणि तळ्यात ओतल्या. पंधरा मिनिटांत बर्फ विरघळला. थर्मामीटरचा आकडा जरासुद्धा हलला नाही. रिकाम्या पिशव्या गोळा करताना त्याला स्वतःचंच हसू आलं.

चौथ्या शुक्रवारी तो खाली उतरला तर वसंतराव पार्किंगमध्ये, त्याच्या गाडीला टेकून उभे. शेजारी ईश्वरी, डोक्यावर टोपी, हातात डबा.

"आज सबब नको," ते हसत म्हणाले. "यल्ला, चल!"

वाटेत सांगायचं, असं त्याने ठरवलं. टोल गेला, वाळवंट गेलं, डोंगर आले. वसंतराव कुलूच्या गोष्टी सांगत होते. चढताना त्यांना धाप लागली तेव्हा त्याने त्यांचा हात धरला आणि तेव्हाही तो बोलला नाही.

शेवटच्या वळणावर ईश्वरी पुढे पळाली. तिचा आवाज आला, "आबा, व्हाय आर दे ऑल अपसाइड डाउन?"

तळ्याच्या काठाकाठाने पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. शंभर असतील, दोनशे असतील. वाऱ्याने एका कोपऱ्यात त्यांचा थर जमला होता. वास सुटायला लागला होता. वसंतराव गुडघ्यावर बसले. एक मासा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, कल्ले उघडून पाहिले आणि परत ठेवला. मग त्यांनी दत्तप्रसादकडे पाहिलं.

"आम्ही तीन आठवडे आलो नाही. त्याआधी मात्र दर वेळी पोळी टाकत होतो." ते थांबले, आणि मग घाईने म्हणाले, "मी टाकत होतो. पोळी. तळाशी कुजली असेल, पाणी नासलं असेल. त्यानेच झालं का रे हे?"

दत्तप्रसादला पुढे कित्येक वर्षं तो क्षण जसाच्या तसा आठवत असे. ऊन डोक्यावर होतं. वसंतरावांचे ओले हात पुढे होते. 'नाही' एवढाच शब्द पुरला असता.

"असू शकतं, काका," तो म्हणाला.

वसंतरावांनी मान हलवली. मग ते मासे गोळा करायला लागले. दत्तप्रसाद नको म्हणत असताना त्यांनी फावडं मागून घेतलं आणि दोघांनी मिळून खडकाळ जमिनीत कसाबसा खड्डा केला. ईश्वरी लांब एका दगडावर बसून होती. परतीच्या वाटेवर वसंतराव एवढंच म्हणाले, "तुझ्या नोकरीवर येईल का हे? मी तुझ्या साहेबांना भेटू?"

"नको, काका."

पण ते गप्प बसणारे नव्हते. रविवारी त्यांनी दत्तप्रसादच्या हातात एक लिफाफा ठेवला. आत टेलिफोन खात्यातल्या वळणाच्या सुवाच्य अक्षरात इंग्रजी पत्र होतं. पाटी वाचूनही आपण माशांना पोळी घातली, दोष सर्वस्वी आपला आहे, श्री. सामंत यांना त्याची कल्पना नव्हती, त्यांना जबाबदार धरू नये.

पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून देता आलं असतं. दोन दिवस ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी डायरेक्टर म्हणाला, "मला मासे मेल्याचं कारण दे. चिलर सोडून दुसरं काहीही. नाहीतर मेन्टेनन्समध्ये हलगर्जी झाली असं मला लिहावं लागेल, आणि मेन्टेनन्स म्हणजे तू."

दत्तप्रसादने ड्रॉवर उघडला.

डायरेक्टरने पत्र दोनदा वाचलं आणि मोठ्याने हसला. त्याच आठवड्यात व्हिला बुक केलेल्या सगळ्यांना कंपनीची मेल गेली: एका नियमित पाहुण्याने नियम मोडल्यामुळे तळं तात्पुरतं बंद ठेवावं लागत आहे. खाली पत्राची स्कॅन केलेली प्रत जोडली होती, नावासकट, सहीसकट.

बुक करणाऱ्यांत पाच-सहा मराठी कुटुंबं होती. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेताना कोणीतरी वसंतरावांना म्हणालं, "काका, मोदक ठेवा खाली, कोणाला खाऊ घालू नका!" सगळे हसले. वसंतरावही हसले. सुजीत मात्र तिथेच, सगळ्यांसमोर चिडला. "बाबा, कोणी सांगितलं होतं लिहून द्यायला? माझं नाव खराब होतं इथे." चार पावलांवर दत्तप्रसाद हातात द्रोण घेऊन उभा होता. त्याने द्रोणात बघत प्रसाद संपवला.

त्याची नोकरी त्या पत्रामुळे चार महिने जास्त टिकली होती. मग कंपनीच गुंडाळली गेली. नोव्हेंबरमध्ये वसंतराव पुण्याला परत गेले. जायच्या आधी ते वर येऊन छायाला भेटले, ईशानीच्या हातात खाऊ ठेवला. दत्तप्रसाद तेव्हा घरातच होता, पण आंघोळीला गेलोय असं सांगायला लावून तो बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिला.

वर्षभराने त्याला अबू धाबीत नोकरी मिळाली. अल रीम आयलंडवर सत्ताविसाव्या मजल्यावर घर मिळालं. सगळं सुरळीत झालं. चिलरच्या कामासाठी कोणी थर्मामीटर पुढे केला की मात्र त्याची नजर आपोआप दुसरीकडे वळायची. ऑफिसातल्या लोकांनी डोंगरात ट्रेकला चल म्हटलं की तो गुडघ्याचं कारण सांगायचा.

२०१४ च्या जानेवारीत छाया एका हळदीकुंकवाहून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "अंतरा भेटली, सुजीतची बायको. वसंतरावकाका आलेत हिवाळ्यापुरते. फार थकलेत म्हणे. बाल्कनीत पारवे येतात, तर अंतरा त्यांना दाणे टाका म्हणाली. वेळ जाईल तेवढाच. त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, मी कोणाला खायला घालत नाही. विचित्रच ना?"

दत्तप्रसाद सोफ्यावर बसला होता. त्याने टीव्ही बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. चिलर, बर्फ, पोळी, पत्र, बाथरूममधला नळ. छाया उभ्यानेच ऐकत राहिली.

"बाथरूममध्ये बसला होतास?" ती शेवटी म्हणाली. "मी त्यांना दोनदा चहा घेता का विचारलं. ते तुझी वाट बघत होते."

"आता काय करू?"

"मला काय विचारतोस? मला सांगून काय होणार आहे?"

शनिवारी दुपारी तो एकटाच सिलिकॉन ओएसिसला गेला. दार अंतराने उघडलं. ती मनापासून आनंदली, सुजीतला हाक मारली, चहा टाकायला आत गेली. वसंतराव बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. खांदे उतरले होते, चष्मा जाड झाला होता. त्याला बघून ते उठायला लागले.

"अरे, दत्तप्रसाद! ये, ये. किती वर्षांनी!"

बसायच्या आधीच तो बोलायला लागला, नाहीतर पुन्हा राहून गेलं असतं.

"काका, ते मासे पोळीने मेले नाहीत. पाणी डोंगराचं नव्हतं. मागे चिलर होते. ते मी बंद केले, कंपनीने सांगितलं म्हणून. पाणी तापलं. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं."

वसंतराव परत खुर्चीत बसले. समोरच्या टॉवरकडे बघत राहिले.

"पाणी किती झालं होतं?"

"त्या दिवशी सव्वीस."

"आणि तडफड किती दिवस चालली?"

"आठ-दहा दिवस."

"तू रोज बघत होतास."

"हो, काका."

"ऑगस्टमध्ये मी हात घातला होता पाण्यात. तू शेजारी उभा होतास."

"हो."

एवढं ऐकून ते शिव्या देतील, निदान आवाज चढवतील, असं दत्तप्रसादला वाटलं होतं. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. वसंतरावांनी फक्त आत हाक मारली. "सुजीत, अंतरा, इकडे या. ईश्वरीलाही बोलवा."

"काका, तिला कशाला? ती लहान आहे."

"तिलाच सांगायचंय तुला." ते पुढे झुकले. "पोळी तिच्या हातची होती. विसरलास? ती माझ्या शेजारी उभी होती. मी 'आम्ही' म्हणालो आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, म्हणून लगेच 'मी' म्हणालो. तू नाही म्हणशील अशी मला खात्री होती रे. तू माहीतगार माणूस. तू नाही म्हणाला असतास तर विषय तिथेच संपला असता."

दत्तप्रसादच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाच वर्षं तो एकाच माणसाचा गुन्हेगार म्हणून स्वतःला मोजत होता.

"ते पत्र मी तुझ्यासाठी लिहिलं असं तुला वाटलं असेल," वसंतराव म्हणाले. "थोडं तुझ्यासाठी होतं. बाकीचं तिच्यासाठी. आबांनीच केलं असं कागदावर आलं, म्हणजे ती सुटली, असं मला वाटलं. पण पोर काही सुटली नाही. अजून पुण्याला फोन करते तेव्हा मधेच विचारते, आबा, इट वॉज मी, ना?"

ईश्वरी आली. बारा वर्षांची, उंच, गळ्यात हेडफोन. तिच्या मागे सुजीत, आणि दारात हातात ट्रे घेतलेली अंतरा. दत्तप्रसादने सगळं पुन्हा सांगितलं. छायाला सांगताना त्याने कंपनीचं, डायरेक्टरचं, मंदीचं नाव घेतलं होतं. त्या मुलीकडे बघताना त्यातलं एकही तोंडून निघेना. "यंत्र बंद केलं होतं. मी केलं होतं. पाणी गरम झालं म्हणून मासे मेले. तुझ्या पोळीने काही झालं नव्हतं."

ईश्वरीने एकदा आजोबांकडे पाहिलं.

"ॲन्ड यू न्यू? दॅट डे?"

"हो."

"आय वॉज सेव्हन," ती म्हणाली. तेवढंच. मग ती आजोबांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली आणि त्यांच्या खांद्यावर तिने कपाळ टेकलं. ती रडतेय की नाही ते दिसत नव्हतं. वसंतराव तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

सुजीत भिंतीकडे बघत होता. "गणपतीत," तो वडिलांना म्हणाला, "मी सगळ्यांसमोर तुम्हाला..." वाक्य पुरं न करता तो आत निघून गेला. अंतराने ट्रे टेबलावर ठेवला. बस असंही म्हणाली नाही, जा असंही नाही. चहावर साय धरायला लागली.

दत्तप्रसाद निघाला. दाराशी वाकल्यावर त्याला बुटाची नाडी सापडेना, मग आपण बूट घातलेतच नाहीत, सँडल आहेत, हे लक्षात आलं. तो बाहेर पडून लिफ्टपाशी आला तेव्हा मागून काठीचा आवाज आला. वसंतराव भिंतीला धरून येत होते.

"काका, तुम्ही कशाला उठलात?"

"सुजीतच्या मंडळातल्या लोकांना सांगशील?"

"सांगेन. ज्यांना ती मेल गेली होती त्यांनाही लिहितो. जेवढे पत्ते सापडतील तेवढ्यांना."

"लिही. आणि मला वाचायला पाठवू नकोस. मला नाही वाचायचं."

लिफ्ट आली. दत्तप्रसाद आत शिरला आणि दार मिटू नये म्हणून त्याने हात आडवा धरला. त्याला वाकून त्यांच्या पायाला हात लावायचा होता, पण तोही एक प्रकारचा लबाडपणा होईल असं वाटून तो तसाच उभा राहिला.

"मी परत येऊ का, काका? भेटायला?"

वसंतराव काठीच्या मुठीकडे बघत होते.

"येऊ नकोस असं म्हणत नाही," ते म्हणाले. "पण एवढ्यात नको."

एवढ्यात म्हणजे किती, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने हात काढून घेतला आणि दार मिटलं.